गोविंदसिंग मैदानाबाहेर का होता

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय केशरीचंदजी, आपल्या हिंद क्रीडा मंडळाचे जुने गोलरक्षक आणि आजचे पाहुणे उत्तमरावजी, ज्यांना निरोप द्यायला मन तयार होत नाही ते आपले प्रशिक्षक उदयसिंगजी ठाकूर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या आमच्या वहिनी, समोर दाटीवाटीनं बसलेल्या बंधू-भगिनींनो, आणि आत जागा न मिळाल्यामुळे धर्मशाळेच्या खिडक्यांत लटकलेल्या फुटबॉलवेड्यांनो, तुम्हा सगळ्यांना या जिनदास कापडवाल्याचा नमस्कार.

अध्यक्षमहाराजांनी मला बजावलं आहे की, जिनदासभाऊ, थोडक्यात आटपा. पण ज्याचा जन्म गिऱ्हाइकापुढे थान उलगडण्यात गेला, त्याला थोडक्यात कसं जमावं? तरी प्रयत्न करतो.

उदयसिंगजी आपल्या वाशीम स्टेशनावर मालबाबू म्हणून आले आणि आता बदली होऊन खांडव्याला चालले. या मधल्या वर्षांत त्यांनी आपल्या पोरांना फुटबॉल शिकवला. कशासाठी? पगारासाठी नाही, मानासाठीही नाही. मान तर आपण त्यांना किती दिला, हे चौऱ्याहत्तरच्या हंगामात हजर असलेल्यांना ठाऊक आहे. हसू नका, दौलतराव. तुमच्याच नावावर येतो आहे.

दौलतराव आपले बागायतदार. सकाळी वांगी-मेथी बाजारात उतरवली की दुपारपासून त्यांचा मुक्काम माझ्या दुकानाच्या पायरीवर. त्या वर्षी ती पायरी म्हणजे फुटबॉलची कचेरी झाली होती. हिंगोलीला हरलो, अकोल्याला हरलो, कारंज्याच्या संघानं तर आपल्याच मैदानात येऊन आपल्याला धुतलं. आणि आपला सगळ्यात वेगवान गडी गोविंदसिंग, ज्याच्या पायात चेंडू गेला की समोरचे नुसते बघत राहत, तो बाहेर! उदयसिंगजी त्याला उतरवतच नव्हते.

सरावाच्या वेळी काय दिसायचं? बाकीचे खेळाडू चिखलात एकमेकांना आखूड आखूड चेंडू देताहेत आणि गोविंदसिंग एकटा लिंबाखाली दगडावर बसून एका पायाला वाळूची थैली बांधतो, तो पाय सरळ उचलतो, खाली ठेवतो. परत उचलतो, परत ठेवतो.

दौलतरावांनी निकाल देऊन टाकला. "हे ट्रेनिंग हाय का? हे तं सजा हाय! पोरगा उलटून बोलला असंन, म्हून बसवला त्याले दगडावर."

रामकिसन शिंपी म्हणाला, "अन् बाकीच्याइले कायले असं जवळजवळ खेळवून राह्यले? आपली रीत काय व्हती? मागून लंबा हाणा, अन् गोविंदसिंगले पयू द्या."

"गोविंदसिंगच बाहीर, तं पयीन कोन? तुय कापड का?" असं कुणीतरी बोललं, आणि पायरीवर हशा झाला. पण त्या हशात गंमत नव्हती. गावाचा संघ हरू लागला की घरचं माणूस आजारी पडल्यासारखं वाटतं, आणि मग वैद्य बदला, वैद्य बदला, असं सुरू होतं. तसंच झालं. उदयसिंगजी स्टेशनावरून सायकलनं येत आणि आमच्या पायरीसमोरून जाताना नेहमीसारखा रामराम करत. उत्तराचे आवाज रोज थोडे कमी होत गेले.

हंगामाचा शेवटचा सामना पुसदच्या संघाशी, रविवारी, आपल्या मैदानावर. बाजाराचा दिवस असल्यामुळे आसपासच्या खेड्यांतली माणसंही आली होती. त्यांत मेडशीचे किसनसिंग होते. त्यांच्या मुलीशी गोविंदसिंगचं नुकतंच जमलं होतं, कुंकू लागलं होतं, लग्न दिवाळीनंतर. जावई कसा खेळतो ते बघायला म्हणून ते चार पाहुण्यांना बरोबर घेऊन पुढच्या रांगेत बसले होते. डोक्याला फेटा, तोही नवा. माझ्याच दुकानातला.

मध्यंतरापर्यंत पुसदनं दोन गोल चढवले. मग मात्र लोकांना राहवेना. दौलतराव उठले, त्यांच्यामागे दहा-पंधरा जण उठले आणि सगळे थेट मैदानात गेले. गलका काय आहे ते बघायला मीही गेलो.

"ठाकूरसाहेब," दौलतराव म्हणाले, "आता पुरे झालं. गोविंदसिंगले उतरवा."

"नाई उतरवत," उदयसिंगजी म्हणाले.

"काहून पन? काय बिघडवलं त्यानं तुमचं?"

"काई नाई बिघडवलं."

"मंग सांगा ना! सारं गाव इचारून राह्यलं. जवाब द्या, नाई तं उद्यापासून या पोराइले हात लावू नका. दुसरा मास्तर पाहू आमी."

उदयसिंगजींनी पोरांकडे पाहिलं, दौलतरावांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाहा. पन आज उतरवनार नाई."

एवढंच. माणूस चिडला नाही, आवाज चढवला नाही. लोकांना वाटलं, काय हा हट्टी माणूस! मागून कुणीतरी नको ती शिवी दिली. आणि तेव्हा दगडावर बसलेला गोविंदसिंग उठला. त्याला यायला वेळ लागला. का लागला, ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

तो सगळ्यांच्या मधे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "त्याइले बोलू नका. माह्या गुडघ्यात पानी झालं हाय."

त्यानं वाकून सुजलेला गुडघा दाखवला.

"उन्हायात इहिरीच्या कामावर पडलो व्हतो. सरांनीच मले अकोल्याले नेलं. डाक्टर म्हने, या साली खेळला तं जलमभर लंगडशीन. ते वाळूचं काम डाक्टरनंच सांगेल हाय. मी सरांच्या पाया पडलो, कोनाले सांगू नका म्हनलं." एवढं बोलून त्यानं पुढच्या रांगेकडे पाहिलं. "सोयरीक मोडंन, म्हून."

मंडळी, त्या वेळी माझं लक्ष गोविंदसिंगकडे नव्हतं, किसनसिंगांकडे होतं. माणूस चार पाहुण्यांत बसलेला. सगळं मैदान त्याच्या तोंडाकडे बघतंय. लेकीचा प्रश्न, आणि शेतात राबणाऱ्या घरात पायाचं महत्त्व काय ते मी तुम्हाला सांगायला नको. किसनसिंग उठले, मैदानात आले, गोविंदसिंगच्या समोर उभे राहिले. वाकून गुडघ्याकडे पाहिलं. मग म्हणाले,

"दुखते का?"

"हो जी."

"मंग उभा कायले हाय? बस ना बाप्पा खाली."

आणि स्वतः त्याच्याशेजारी, त्या चिखलात, नव्या धोतरानिशी बसले. पाहुण्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

तो सामना आपण हरलो. खोटं कशाला सांगू? तीन गोलांनी हरलो. पण दुसऱ्या अर्ध्यात पोरं जी आखूड आखूड खेळली, ती बघताना पायरीवरच्या पंडितांना पहिल्यांदा कळलं की एका गड्याच्या पायावर चालणारा संघ सगळ्यांच्या पायांवर उभा करायचं काम त्या चिखलात चाललं होतं. पुढच्या वर्षी पुसदला त्यांच्याच गावात हरवलं ते याच खेळानं. गोविंदसिंग खेळला, पण मागे, बचावात. पूर्वीचा वेग परत आला नाही. चालतो मात्र तुमच्या-आमच्यासारखा, आणि आज तो त्या खांबाजवळ लेकीला कडेवर घेऊन उभा आहे. किसनसिंगांची नात ती.

दौलतराव दुसऱ्याच दिवशी टोपलंभर भाजी घेऊन रेल्वेच्या क्वार्टरवर गेले, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी सांगतो. वहिनींनी भाजी ठेवून घेतली आणि त्यांना जेवायला बसवलं.

आता एकच गोष्ट, जी मलाही गेल्या आठवड्यात कळली. सामान बांधायला हात लावावा म्हणून मी आणि माझी पत्नी सूरजबाई क्वार्टरवर गेलो होतो. बोलता बोलता वहिनी म्हणाल्या की त्या हंगामात एकदा सकाळी दार उघडलं तर भिंतीवर कोळशानं लिहिलेलं, 'उदयसिंग हटाव'. सूरजबाईनं विचारलं, "तुमाले तं मालूम असंन ना, गोविंदसिंगचं?"

वहिनी म्हणाल्या, "मले कोठून? ह्याइनं मलेबी नाई सांगतलं. मी एवढंच इचारलं, तुमची काही चुकी हाय का? हे म्हनले, नाई. मंग मी बालटी आनली अन् भित धुतली."

उदयसिंगजी, खेळाडूंना तुम्ही काय शिकवलं ते ही पोरं मैदानात दाखवतीलच. पण या घरातून आम्ही जे शिकलो, ते कुठल्या मैदानावर दाखवावं, हे मला माहीत नाही. खांडव्याच्या लोकांना निरोप पाठवतो : तुमच्याकडे येणाऱ्या माणसानं एखाद्या गोष्टीचं उत्तर दिलं नाही, तर थोडं थांबा.

मला बोलू दिलंत, त्याबद्दल अध्यक्षांचा आणि तुम्हा सर्वांचा ऋणी आहे. ओघात कुणाचं नाव नको तिथे आलं असेल, दौलतराव, तुमचं तर आलंच, तर ते पोटात घाला. आता मी बसतो. उदयसिंगजी आणि वहिनी, तुम्ही दोघंही जरा उभे राहा. लोकांना तुम्हाला एकत्र बघू द्या.