मल्लूच्या मापाची टाकी

मी मूळचा मैंदर्गीचा, घरात मेंढरं आन् बोलणं कानडी, पर मला ल्हानपणापास्नं पत्र्याचं याड, म्हणून सोलापुरात आलो, पत्र्याचे सांधे जोडायला डाक लावायला शिकलो, आन् आता तीस वर्सं झाली चिंचोळी एमआयडीसीत हाय. आमच्या शेडमधी राजेरजवाड्यांच्या जुन्या मोटारी नीट करत्यात, पितळी दिवे, लांबडं नाक, काय सांगू तुमाला, लई रुबाब. त्यांच्या पेट्रोलच्या टाक्या गंजून चाळण झालेल्या असत्यात, त्या नव्या मी करायचो. मीच, दुसरं कोण न्हाय.

मग बायकोनं तिच्या भावाला आणलं, मल्लूला. दाजी, शिकवा की. शिकवलं.

एक दिवस मालक म्हणले, जुन्या कारागिरांनी परत्येक टाकी येगळी केली, आपण किती दिवस येगळं माप काढायचं, आता एकच ठरवू, दोघं एकेक टाकी करा, बरी निघंल तिचा साचा भिंतीवर टांगू. म्हंजे मी मेल्यावर बी लोकं त्याच साच्यावर पत्रा कापणार. मला ते पायजेच व्हतं.

माझी टाकी पन्नास लिटरची, गळ्यापतोर भरायची, गाडी रुबाबाची तर टाकी बी भरगच्च. मल्लू म्हणतोय, माझी टाकी उंच करतो, पन्नास लिटर भरून बी वर चार बोटं मोकळी ठेवू दाजी, सोलापूरचं ऊन हाय, पेट्रोल फुगतंय. मी हसलो, पर हे मला का न्हाय सुचलं?

जेवणाच्या सुट्टीत सगळी भायेर गेली आन् मी, खोटं कशाला बोलू, त्याच्या टाकीच्या शिवणीत खिळ्याचं टोक दाबलं. पाणी भरून बघितलं तर गळायला लागली. मल्लू रडकुंडीला आला, आन् आला कुणाकडं, माझ्याकडंच की! दाजी, माझी शिवण सुटली, तुमीच वाचवा. मालक बघत हुबे. मी डाक लावला. काम हातात घेतलं की मला वंगाळ करता येत न्हाय, पक्का बसला.

मग पेट्रोल भरून दोन गाड्या उन्हात लावल्या. माझ्या टाकीचं झाकणातनं भायेर आलं, नव्या रंगावर वघळ, रंग सुरकुतला. मल्लूची कोरडी. ठरलं माप.

आता रोज त्याच्याच साच्यावर पत्रा कापतो. बायको म्हायेरी फोन लावून भावाचं कौतिक सांगती, मी ऐकतो. आन् गाड्या बघायला पाव्हणे आले की मल्लू मला हाताला धरून पुढं वढतोय, म्हणतोय ही टाकी दाजींमुळं पास झाली, त्यांनी शिवण सांधली न्हायतर मी कामातनं गेलो व्हतो, आन् सगळ्यांदेखत पाया पडतोय. शिवी दिली असती तर सोसली असती. मी म्हणतो, सुखी र्‍हा बाबा. मनापास्नं म्हणतो, व्हय. तुमी लिहून घेताय तर घ्या, पर त्याला वाचून दावू नका. उद्यापास्नं त्यो पाया पडायचा थांबला तर मला ते बी बघवणार न्हाय.