निवेदनाचं शेवटचं पान

हॅलो?... हो, ज्योत्स्नाच. बोल पद्मिनी... थांब जरा. (अहो, दोनच मिनिटं! टीव्हीवरचे सूमो पैलवान कुठे पळून जात नाहीत.) फोन आला की ह्यांची कुरकुर सुरू... हं, बोल.

वाचलंस माझं निवेदन, शनिवारच्या सिनेमाचं?... अगं, तीन आठवडे लागले! व्हिडिओ थांबवायचा, डिक्शनरी उघडायची, पुन्हा रिवाइंड... कॅसेट ना? इथलीच, कावासाकीच्या जपानी लायब्ररीतली.

कोण म्हणतं कचरेवाल्यांचा सिनेमा?... अगं, संपाचा माहितीपट आहे तो! अमेरिकेतले काळे सफाई कामगार. गळ्यात पाट्या अडकवून बंदुकांसमोरून चालत गेले... हो, तीच पाटी, ‘मी माणूस आहे’. ‘मॅन’ला डिक्शनरीत आधी ‘पुरुष’ दिलंय. म्हटलं, पुरुष म्हणून कुणी अडवलं होतं ह्यांना? ‘माणूस’ लिहून टाकलं.

मराठी मंडळाच्या दिवाळीत कचरा कशाला?... का? तू नाही सकाळी सकाळी बाटल्या वेगळ्या, डबे वेगळे करत बसत?... हस, हस.

बरं. म्हणजे सिनेमा चालेल... निवेदनही चालेल... फक्त शेवटचं पान नको?

का गं?... लांबलंय? अर्धं पान आहे ते!... हो, हो... अगं ऐक ना... ‘काही जणींना’ म्हणजे कुणाला? नाव सांग.

हे बघ, चार वर्षं ओळखतेस मला. पहिल्याच भेटीत मूळ गाव विचारलंस, मी भायखळा म्हटलं. मग माहेरचं आडनाव. मग कुलदैवत. दर वेळी मी आपली चहा पुढे करत राहिले... रागावले नाहीये गं. तू तापाने पडलीस तेव्हा तुझ्या सोनलला आठवडाभर मीच जेवू घातलं. रागावले असते तर घातलं असतं?

लोक विचारतील?... विचारू देत की. काय विचारतील?... ‘तसलं’ म्हणजे कसलं?... जिभेवर आलाय शब्द तुझ्या. बोल.

(नाही अहो, हळू नाही बोलणार. कळू दे तुमच्या ऑफिसात. इथे आल्यापासून सहा वर्षं हळूच बोललो.)

पद्मिनी?... नाही होत ना तुझ्याच्याने? मग मीच म्हणते. शनिवारी माइकवरही असंच म्हणणार आहे, एकही शब्द न गाळता: आम्ही बौद्ध, पूर्वीचे महार. माझे वडील मुंबईच्या गटारांत उतरायचे, आणि हा सिनेमा मी त्यांच्यासाठी आणलाय.