उजव्या तोंडाची गोगलगाय

(होबार्ट, टास्मानिया. गोगलगायींचा अभ्यास छापणाऱ्या एका नियतकालिकाची कचेरी. मर्ल, तिथं तीस वर्षं काम करणारी चिटणीस. लीथ, उपसंपादक.)

मर्ल : ते पाकीट चिकटवू नकोस अजून. ये, खुर्ची ओढ इकडे, अशी जवळ. एक गोष्ट सांगते तुला. मंडळाची बैठक चारला आहे, वेळ आहे अजून.

लीथ : गोष्टी तुमच्या चर्चमध्ये सांगा, मर्लबाई. मला मंडळाला पत्र द्यायचंय.

मर्ल : काय लिहिलंयस एवढं?

लीथ : खरं तेच. जॉसलिन क्वेल बारा वर्षं मुख्य संपादक आहेत, आणि बारा वर्षांत त्यांच्या नावावर नव्या गोगलगायीचा एकही शोध नाही. झरा आटलाय. अशा बाईंना आणखी पाच वर्षं ती खुर्ची कशाला?

मर्ल : आणि ती तुला हवी. अर्जही केलायस.

लीथ : हवी! का नको? बंदरावर कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, 'क्वेल बाई कशा आहेत?' मी काय मेलोय? शेजारच्या टेबलावर सहा वर्षं मीच बसतो ना?

मर्ल : आमचे पाद्रीबाबा परवा गाऊन सांगत होते, शेजाऱ्याच्या खिडकीतले दिवे मोजत बसलास, तर तुझ्या दिव्यातलं तेल कधी संपलं ते कळायचं नाही. काय आवाज लावला होता! सगळं चर्च डोलत होतं. आणि मला मेलं तूच आठवत होतास.

लीथ : आभारी आहे.

मर्ल : चिडू नको रे. हा केक खा. खोबरं शर्टावर सांडू नकोस.

लीथ : तो फोन आठवतो तुम्हाला? सात वर्षं झाली. ह्यूऑन नदीच्या रानातल्या माझ्या गोगलगायीचा लेख. दोन्ही परीक्षकांनी वाखाणलेला, उद्या छपाईला जाणार. आणि बाईंचा फोन. 'लीथ, शंख हातात घ्या. टोक वर, तोंड स्वतःकडे. आता सांगा, तोंड कुठल्या हाताला?' पहिल्या वर्षाच्या पोराला विचारावं तसं!

मर्ल : मग? कुठल्या हाताला निघालं?

लीथ : ...उजव्या.

मर्ल : आणि तू काय लिहिलं होतंस?

लीथ : डाव्या. फोटो छापताना काच उलटी बसली, डावं-उजवं फिरलं, आणि मी वर्णन फोटो बघून लिहिलं. 'दुर्मीळ डावखुरी गोगलगाय' म्हणून बारा पानं. होतं असं कुणाचंही.

मर्ल : होतं. छापून आलं असतं तर सिडनीपासून लंडनपर्यंत पोट धरून हसले असते.

लीथ : म्हणून काय जन्मभर त्यांचे पाय धरू?

मर्ल : नको धरूस. एवढं सांग, परीक्षकांकडे काय पाठवलं होतंस? शंख?

लीथ : फोटो. शंख फक्त माझ्याकडे होते.

मर्ल : हं.

लीथ : थांबा. मग... बाईंना कसं कळलं?

मर्ल : सात वर्षांनी आज पडला हा प्रश्न! तो खालचा मोठा खण उघड.

लीथ : ही तर माझीच गोगलगाय! चाळीसेक शंख असतील. आणि चिठ्ठीवर तारीख... माझ्या आधी दोन वर्षं?

मर्ल : खालचे कागद बघ. जॉसलिनचा पुरा लेख आहे. आपल्या अंकात ती स्वतःचं काही छापत नाही, म्हणून मेलबर्नला पाठवणार होती, शुक्रवारच्या टपालानं. तुझा आला त्याच आठवड्यात, सोमवारी.

लीथ : माझा महिनाभर पाडून ठेवायचा. कुणी विचारलं असतं? ज्याचं आधी छापून येतं, त्यानं ठेवलेलंच नाव टिकतं.

मर्ल : मीही तेच म्हटलं, देव क्षमा करो. म्हटलं, तुमचा आजच टाकते पेटीत. तर म्हणाली, 'मर्ल, त्याचा लेख मी संपादक म्हणून उघडला. आता माझा नाही पाठवता येणार.' वर तुझी बारा पानं सरळ करायला दोन रविवार इथं येऊन बसली.

लीथ : मला सांगायचं तरी!

मर्ल : सांगितलं असतं तर तू उपकाराखाली दबला असतास. मग तिच्या चुका कुणी काढल्या असत्या? मान डोलावणारा माणूस नको होता तिला. माझ्याकडूनही शब्द घेतला होता. तो आज मोडला. देवाशी माझं मी बघून घेईन.

लीथ : यात नाव दिलंय ते... 'ओवेनची गोगलगाय'. ओवेन कोण?

मर्ल : तिचा नवरा. तो कुजका ओंडका त्यानंच उलटला होता. एप्रिलमध्ये, काठी टेकत टेकत गेला होता रानात, ऐकेना. जुलैत देवाघरी गेला.

लीथ : आणि मी तिला मंडळाच्या अध्यक्षांचं नाव दिलं. खूश व्हावेत म्हणून.

मर्ल : झाले की. दर नाताळच्या जेवणात तेवढं एकच बोलतात.

लीथ : आता ते बदलता येत नाही.

मर्ल : नाही येत. नियम आहे.

लीथ : खुर्ची मला अजूनही हवी आहे, मर्लबाई. खोटं कशाला बोलू? उलट आता जास्तच जळतंय.

मर्ल : जळू दे. देवाला ठाऊक आहे माणूस कशाचा केलाय ते. अर्ज तुझा राहू दे. पण हे पत्र?

लीथ : हे बघा, फाडलं.

मर्ल : मग ऊठ, बैठकीला उशीर होईल. आणि लीथ, पुन्हा त्या रानात ओंडका उलटलास आणि ती सापडली, तर वहीत तू ठेवलेलंच नाव लिही. फक्त लिहायच्या आधी ओवेनची आठवण काढ.