बिनकचऱ्याचं शहर

काय सांगू भिया, परवा अपन तर हादरलोच! तो शहर चालवायचा गेम आहे ना माझा, त्यात कचरा इतका साचायचा की लोक धडाधड आजारी पडायचे. वैतागून मी गेमची फाइल उघडली आणि कचराच शून्य करून टाकला.

आई मागून म्हणाली, "मग कचरागाडीवाले काय करतील रे?"

"आई, गेम आहे तो!"

बघता बघता सगळे गाडीवाले बेकार झाले, रस्त्यावर उतरले, आणि माझा टाउन हॉल पेटवला ना यार!

"घाल परत कचरा," आई म्हणाली.

देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहराचा, इंदूरचा माणूस मी, स्वतःच्या हातानं शहरभर कचरा टाकत बसलो. वर मागून आई, "ओला-सुका वेगळा टाक हं!"