मटार सोलणारे हात कुठे थांबले

सन्माननीय अध्यक्ष, मंचावर बसलेले आमचे दिग्दर्शक साहेब, आवाजाच्या कामावरची सगळी मंडळी आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या लेकीसुनांनो, जावयांनो, एवढं नातीनं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, ते वाचलं. पुढचं माझं मी बोलते. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. चुकलं तर हसा, पण तोंडावर हसा.

आज जिचा सत्कार आहे ती माझी नात. घरी तिला आम्ही ससा म्हणतो, लहानपणापासून कान टवकारलेलेच. ती सिनेमातले आवाज करते. मला वाटायचं, दार आपटलं की आवाज येणारच, त्यात करायचं काय? पण तसं नसतं हो. दार एका घरचं आणि त्याची करकर भलत्याच घरची.

आमचा फ्रीज घ्या. थोरल्याच्या लग्नातला. दिवसभर घूं घूं करतो आणि थांबताना असा थरथरतो की वरची बरणी नाचते. मी तो भंगारात द्यायला निघाले, तर ही दारात आडवी. दोन दिवस त्याच्यापुढे माइक घेऊन बसली. माझ्यापुढे इतका वेळ कधी बसली नाही, हेही या निमित्तानं सांगून ठेवते.

तर सिनेमाची सुरुवात अशी. दुपारची वेळ, बाई घरात एकटी. गाणं नाही, बोलणं नाही. फ्रीजची घूं घूं, नळाचा थेंब, जिन्यावर कुणाची तरी पावलं. साहेबांना काही पटेना. म्हणाले, इथं काहीच घडत नाही, लोक उठून जातील, ड्रम घाला. पोरीचं पहिलं स्वतंत्र काम, वर्षभराची मेहनत. ड्रम आले की फ्रीज कोण ऐकणार?

मग ती मला स्टुडिओत घेऊन गेली. पडद्याकडे पाठ करून बसवलं आणि पुढ्यात मटारची टोपली ठेवली. मला वाटलं, संध्याकाळच्या भाजीची सोय बघतेय. साहेबांना मात्र म्हणाली, "पडद्याकडे बघू नका. आजीचे हात बघा."

माझे हात कशानं थांबत नाहीत. टीव्हीवर कुणी मरो की जगो, शेंगा सोलून होतात. तशा सोलत होते. पावलं वर आली. दाराशी थांबली. आणि घूं घूं थांबली. आपलाच फ्रीज आहे हे कळत होतं, तरी हात थांबले. अर्ध्या उघडलेल्या शेंगेत अंगठा तसाच. मी हळूच म्हटलं, "दाराशी कुणीतरी उभं आहे. बेल का वाजवत नाही मेला?"

ससा म्हणते, माणसाला मोठ्या आवाजानं घाबरवायचं नसतं. ज्याची सवय लावली, तो आवाज काढून घ्यायचा.

साहेबांनी टोपलीतले चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, पहिल्या खेळाला बघू. लोक चुळबुळले तर ड्रम.

पहिल्या खेळाला माझ्या शेजारचा माणूस पॉपकॉर्न खात होता, कुरुम कुरुम. पोरीनं डोळे मिटून माझा हात धरलेला. पावलं आली, थांबली. फ्रीज थांबला. कुरुम कुरुमही थांबलं. सगळ्या थिएटरातलं. मी वळून पाहिलं, साहेब, तुमचाही हात पॉपकॉर्नच्या डब्यातच राहिला होता. नाही म्हणू नका. तेव्हा कुठं पोरीनं डोळे उघडले.

आता थोरल्यानं नवा फ्रीज आणलाय, त्याचा आवाजच येत नाही. जुना माझ्या खोलीत आहे, रिकामा, पण चालू. थांबला की मी अजून दाराकडे बघते.

माझ्या नातीला तुम्ही शाल घातलीत, म्हातारीला बोलू दिलंत, तुमचं भलं होवो. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. आणि मी बोलत असताना ज्यांनी वेफर्सचे पुडे वाजवले, त्यांना मीही माफ केलं.