पहिला घोट सासूचा

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन बसलोय. उपास मोडतो कशाने?

हसू नका. उद्या हरतालिका. उपासाला काय चालतं यावर आपल्या घराघरात कोर्ट भरतं. शेंगदाणे चालतात, मग शेंगदाण्याचं तेल का नाही? भेंडी माहेरी चालत होती, सासरी चालत नाही. वरीचे तांदूळ, बटाट्याचा कीस, रताळ्याचे गोड काप, एवढं झाल्यावर आपण म्हणतो, आज उपास आहे, जरा आडवा होतो. एकादशी अन् दुप्पट खाशी! असो. मी सांगतोय ती बाई दुसऱ्या टोकाची.

कोकणात खाडीच्या तोंडाशी मासेमारांचं एक गाव. तिथे द्वारकाबाई चोगले राहायच्या. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. हरतालिकेला ही बाई पाण्याचा थेंब घेत नसे. बायका म्हणत, उपास बघावा तर द्वारकाबाईंचा. घरात सून नयना, तिच्या पदरात तान्ही मुलगी. आणि त्या वर्षी काय झालं, तर ऐन हरतालिकेच्या आदल्या दिवशी वारा फिरला. गावच्या होड्या परत आल्या. नयनाचा नवरा हरेश, त्याची होडी तेवढी आली नाही.

आता सांगा, अशा दिवशी सून पाणी पिईल?

सकाळी दोघींनी वाळूची पिंड केली, पत्री वाहिली. दुपार कलली तशी पोर रडायला लागली. अंगावर घ्यावं, तर दोन घोटांत तोंड सोडी. दूधच येईना. वाटीतलं गाईचं दूध पाजलं, ते ओकली. मग तिचं रडणंही बारीक झालं.

द्वारकाबाई म्हणाल्या, "नयना, पाणी पी."

"नाही आई. ते समुद्रावर आहेत."

"पोरीला दूध नाही, बाळा."

"मी प्यायले आणि त्यांना काही झालं, तर? जन्मभर तेच मनात राहील माझ्या."

शेजारच्या कावेरीकाकू पूजेला आल्या होत्या. त्याही म्हणाल्या, "खरं बोलतेय ती. आजच्या दिवशी मोडू नये."

द्वारकाबाई उठल्या. माठातून पेला भरला. पिंडीसमोर उभ्या राहिल्या आणि सगळा पेला स्वतः प्यायल्या. दुसरा भरून सुनेपुढे धरला.

"आई, हे काय केलंत?"

"तुझे सासरे गेले ना, त्या हरतालिकेलाही मी थेंब घेतला नव्हता," द्वारकाबाई म्हणाल्या. "होडी आली नाही. मला वाटलं, माझ्याच उपासात काही उणं राहिलं. म्हणून दरवर्षी आणखी कडक करत गेले. कुणाला बोलले नाही. तुझ्या गळ्यात हे ओझं नको. पी. दोष लागायचाच असेल तर आधी मला लागेल, पहिला घोट माझा आहे."

नयना रडत रडत प्यायली. कावेरीकाकू घरी गेल्या आणि शहाळं फोडून घेऊन आल्या. द्वारकाबाईंनी वरीची पातळ पेज केली, वर तुपाची धार सोडली आणि समोर बसून सुनेला खायला लावली. दिवेलागणीला पोर पोटभर प्यायली आणि आईच्या मांडीवरच झोपली.

हरेश दुसऱ्या दिवशी आला. वाऱ्यामुळे पलीकडच्या बंदरात थांबला होता. पण मंडळी, सून पाणी प्यायली म्हणून तो वाचला असं मी म्हणणार नाही. आणि न पिता बसली असती तर तो उपासाने वाचला असता, असंही कुणी म्हणू नये. देवाशी असा सौदा होत नसतो. उपास म्हणजे त्याच्या जवळ बसणं. रडणाऱ्या लेकराकडे पाठ करून कुणाच्या जवळ बसणार आपण?

उपास मोडतो तो तिथे. पाण्याने नाही.

आता तुमचं सांगा. पुरुष मंडळी, तुम्हालाच विचारतोय. उद्या तुमच्या आयुष्यासाठी घरात कुणीतरी उपाशी राहणार आहे. सकाळपासून चुलीपाशी उभी असणार आहे. ती औषधाच्या गोळ्या घेते का, तिला चक्कर येते का, ठाऊक आहे तुम्हाला? नसेल, तर उद्या तिच्याशेजारी बसा. तिच्यादेखत आधी तुम्ही शहाळं प्या आणि दुसरं तिच्या हातात द्या. "माझ्यासाठी पी," एवढं म्हणा. मग दोघं मिळून गौरीहराला हात जोडा. तो नाही म्हणायचा नाही.