पोथी चालू होती, भाऊ उंबऱ्यात होता

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुम्ही देवाला आळवताय, डोळे मिटून, अगदी जीव लावून — आणि नेमकी त्याच वेळी दारातून कुणीतरी तुम्हाला हाक मारली. ओ द्यायची की नाही? द्यायची म्हणाल तर चित्त विचलित झालं. नाही म्हणाल तर दारातला माणूस ताटकळला. बोला! पेटीवाले मान डोलावतायत, पण त्यांचं सोडा, ते बिदागी ठरवताना सोडून माझ्या सगळ्याच बोलण्याला मान डोलावतात.

तर ऐका. आजऱ्याच्या बाजूला एका गावात मुकुंदराव हेरेकर म्हणून गृहस्थ राहतात. आयुष्य मुंबईत गेलं, मोठ्या कचेरीत साहेब होते, निवृत्त झाले आणि गावी येऊन राहिले. माणूस सज्जन. पण साहेबी अंगात मुरलेली! समोरच धाकट्या भावाचं घर. दिगंबर त्याचं नाव. चौथी शिकलेला, पिठाची गिरणी चालवायचा. गिरणीच्या घरघरीत बोलून बोलून आवाज असा झालेला, की घरी मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन यायची.

दोघे भाऊ समोरासमोर, आणि दोघांत अबोला! एक तप उलटलं होतं. कारण विचाराल तर हसाल. दिगंबरच्या मुलीचं लग्न, पंगत बसली, आणि गडबडीत थोरल्या काकाचं पान मांडायचंच राहिलं. दिगंबर बिचारा व्याह्यांच्या मागे धावत होता, त्याला पत्ताच नाही. मुकुंदराव उठले ते तसेच उपाशी घरी. झालं! हा म्हणतो, धाकट्यानं यावं. तो म्हणतो, थोरल्यानं बोलवावं. हसू नका, हसू नका. तुमच्या घरचे मानपान मी काढले तर इथं अर्धा मंडप रिकामा होईल.

पण वय झालं की माणसाला आतून पोखरायला लागतं. गिरणीचा पट्टा सुरू झाला की मुकुंदराव खिडकीशी येऊन उभे राहायचे. बायको, प्रमिलाबाई, म्हणायची, अहो, चार पावलं तर आहेत, जा की. हे म्हणायचे, बघू. शेवटी त्यांनी काय केलं? देवाला मध्ये घातलं! पोथीचा सप्ताह धरला. सात दिवसांचं पारायण. हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, की देवा, दुसरं काही नको, माझा दिगू माझ्याशी एकदा बोलू दे.

काय सुंदर मागणं! डोळ्यांत पाणी आणून मागितलं हो त्यांनी.

आता पोथीचे नियम कडक. अध्याय सुरू असताना आसनावरून उठायचं नाही, पोथीबाहेरचा शब्द काढायचा नाही. सात दिवस परान्न घ्यायचं नाही. मुकुंदरावांनी सगळं मान्य केलं. पण दूधवाला काही पोथी बघून येत नाही! पहिल्याच दिवशी तो ओरडला, किती घालू? घरात कुणी नाही. हे बोटं दाखवतात, त्याला दिसेना. मग साहेबांनी शक्कल काढली. मराठीत बोललं तर मौन मोडतं ना? ठीक. इंग्रजीत बोलू! खणखणीत आवाजात म्हणाले, "टू लिटर्स ओन्ली!" आणि पुढची ओवी सुरू.

अहो, मग सोकावले! दूधवाल्याला इंग्रजी, वीजबिलवाल्याला इंग्रजी, नैवेद्यावर टपलेल्या मांजरालासुद्धा इंग्रजी. मांजर हललं नाही, ते आजऱ्याचं होतं. प्रमिलाबाई संध्याकाळी म्हणाल्या, "देवाला इंग्रजी कळत नाही, असं वाटतं का हो तुम्हाला?" साहेब म्हणाले, तो शब्द पोथीच्या भाषेतला नाही, म्हणून तो मोजायचा नाही. बघा मंडळी, नियम कसा पाळावा हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पळवाट आपण पोथी उघडायच्या आधीच शोधून ठेवतो.

चौथा दिवस. तिन्हीसांज. अध्याय संपत आलेला, चार-दोन ओव्या उरलेल्या. प्रमिलाबाई देवळात गेल्या होत्या. आणि उंबऱ्यात चाहूल लागली.

"दादा."

मंडळी, मुकुंदरावांनी आवाज ओळखला. ओळखणार नाही? पण तो गिरणीवाल्याचा आवाज नव्हता. इतका हळू, की लहानपणी अंधारात घाबरलेला दिगू हाक मारायचा तसा. "दादा, मी गिरणी बंद केली. उद्या सकाळच्या गाडीनं बेळगावला मुलीकडे चाललो, कायमचा. आज रात्री जेवायला येशील का? तुझं पान मांडतो."

आता सांगा! हेच मागितलं होतं ना? एक तप मनात कुढत होते ना?

मुकुंदरावांनी वाचन थांबवलं. पण बोट ओवीवर. मनात काय आलं ते त्यांनी मला स्वतः सांगितलं. मनात आलं, आता बोललो तर मौन मोडेल. मौन मोडलं तर पारायण फुकट. पारायण फुकट गेलं तर संकल्प पुरा होणार नाही, दिगू माझ्याशी बोलणार नाही! अहो, तो बोलतोय! समोर उभा राहून बोलतोय! त्यांनी हातानं खूण केली, थांब म्हणून. दिगंबरच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्याला आतल्या काळोखातलं काय दिसणार? तो पुन्हा म्हणाला, "दादा, ऐकलंस का?"

आणि मुकुंदराव मान वर न करता म्हणाले, "प्लीज. डोन्ट डिस्टर्ब माय कॉन्सन्ट्रेशन."

त्यांना वाटलं, प्लीज म्हटलंय, गोड बोललोय.

दिगंबरला त्यातला एकही शब्द कळला नसेल. पण परतवणं कळायला भाषा लागत नाही हो. आणि सख्खा थोरला भाऊ, एका ताटात जेवलेला, आज आपल्याशी साहेबांच्या भाषेत बोलतो, एवढं त्याला पुरलं. तो म्हणाला, "असू दे, दादा. चालू दे तुझं." आणि गेला.

अध्याय संपला. मुकुंदराव उठून दारात आले. समोरच्या घरात दिवा होता. जावं? पण जेवायला बसवेल, आणि परान्न चालत नाही. सख्ख्या भावाच्या घरचं अन्न परान्न! ठरवलं, सांगता झाली की प्रसाद घेऊन सरळ बेळगावला जाऊ. प्रमिलाबाईंना हे सांगितलंच नाही, नाहीतर त्या माउलीनं हाताला धरून नेलं असतं.

सकाळी गाडी गेली. सांगता झाली, गावजेवण झालं, आणि मग काय? आज जाऊ, उद्या जाऊ. आता बोलला तर आहेच, दिवाळीनंतर निवांत जाऊ. दिवाळीनंतर फोन आला. दिगंबरला अर्धांगवायूचा झटका आला होता. वाचा गेली.

मुकुंदराव तसेच धावले. खाटेशी बसले, हात धरला. म्हणाले, "दिगू, बोल रे. शिव्या दे, पण बोल." दिगंबरच्या ओठांतून नुसतं वारं येत होतं. मग त्यानं चांगला हात उचलला, पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली. विचारत होता, जेवलास का?

मुकुंदराव तिथंच भिंतीला टेकून रडले. पुतणीनं ताट आणलं, ते जेवले. भाऊ बघत होता.

मला म्हणाले, महाराज, प्रायश्चित्त सांगा. मी म्हटलं, ते तर तुम्ही भोगताच आहात. देवानं त्यांचा संकल्प चौथ्या दिवशीच पुरा केला होता, सांगतेचीसुद्धा वाट पाहिली नाही. यांनी देवाला सांगितलं, थांब, मी तुझी पोथी वाचतोय. मंडळी, आजही ते दर आठवड्याला बेळगावला जातात. दिवसभर भावाशी बोलतात. मराठीत. उत्तर येत नाही.

आता तुमचं काय? गालावरचं हसू पुसा आणि सांगा. तुमच्या पूजेत, तुमच्या अभ्यासात, त्या मोबाईलमध्ये मान घातलेली असताना कोण येऊन उभं राहिलं होतं? आई होती? बायको होती? मान वर न करता काय म्हणालात?

कीर्तनातून मध्येच उठू नये, असा दंडक आहे. आज मी तो मोडायला सांगतो. ज्याला आत्ता या घटकेला कुणाचं तरी दार आठवलं असेल, त्यानं उठावं. मला राग येणार नाही. देवालाही येणार नाही, त्याचं मी बघतो.

ते खांबाजवळचे गृहस्थ उठले बघा. वळून बघू नका त्यांच्याकडे, पाय जवळ घ्या, वाट द्या. पेटी हळू चालू ठेवा, पेटीवाले. आणखी कुणाला जायचं असेल तर लाजू नका, आरती आम्ही करतो.